ब्याऐंशी अंश आणि प्यालाभर चहा

मित्रांनो, माझ्या ओठाचा टवका उडालेला आहे. तो आधी नीट बघून घ्या, म्हणजे पुढचं ऐकताना तुमचं लक्ष सारखं तिकडे जाणार नाही. झालं बघून? मग सांगतो. मी एक जुना, गोल बुडाचा काचेचा चंबू आहे. पोट पाव लिटरचं, मान लांब, आणि टेकायला सपाट बूड नाही. त्यामुळे टेबलावर ठेवलं की खाली चुंबळ लागते. स्वतःच्या बळावर मी एक क्षणही उभा राहिलेलो नाही, आणि त्याची मला लाजही वाटत नाही.

ताश्कंदच्या एका काचकामाच्या खोलीत एर्गाश अकांनी मला फुंकून घडवलं; तिकडे दादाला अका म्हणतात. लोखंडी नळीच्या टोकाला मी लालबुंद गोळा होतो आणि अका गाल फुगवून फुंकत होते. माझ्या पोटात शिरलेली पहिली हवा त्यांच्या श्वासाची. काम झाल्यावर त्यांनी मला राखेत हळूहळू निवू दिलं, नखाने टिचकी मारून आवाज ऐकला आणि म्हणाले, "बरा आहेस. हळू तापव म्हणावं, हळू निवव म्हणावं, म्हणजे माझ्यापेक्षा जास्त जगशील." एर्गाश अका जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. त्यांचं म्हणणं खरं निघालं, याचं मला कधीकधी वाईट वाटतं.

पेंढ्यात गुंडाळून मी मर्गिलानला आलो. शिक्षक घडवणाऱ्या एका विद्यालयाची ती प्रयोगशाळा. खिडकीबाहेर तुतीची झाडं, आणि गल्लीतून दिवसभर मागांची खटखट. मर्गिलानात रेशीम विणत नाही असं घर शोधून काढावं लागतं. आमच्या रसायनाच्या बाई होत्या मुकद्दस ओपा; ओपा म्हणजे ताई. अंगाने काटकुळ्या, आवाजाने खणखणीत. त्यांनी मला पेंढ्यातून काढलं, उजेडात धरलं आणि म्हणाल्या, "हा अमाइडसाठी ठेवायचा. दुसऱ्या कशाला हात लावू नका."

तेव्हापासून अमाइड हेच माझं काम झालं. दरवर्षी दुसऱ्या वर्षाच्या मुली अ‍ॅसिटामाइड बनवत. अमाइडांच्या घराण्यातलं ते साधंसुधं, गरीब मूल. कृती सोपी आहे, पण धीर लागतो. माझ्या पोटात अमोनियम अ‍ॅसिटेट नावाचं मीठ घालायचं, वर थोडं तीव्र अ‍ॅसेटिक आम्ल ओतायचं. हे आम्ल म्हणजे सिरक्याचा थोरला भाऊ, नाकाशी नेलं तर डोळ्यांतून धारा लागतील. मग खालून मंद आच. आधी पोटात गुदगुल्या होतात, मग खदखदायला लागतं. त्या मिठातून पाणी सुटतं आणि वाफ होऊन निघून जातं. मागोमाग आंबट आम्ल जातं. आणि मग तापमापीतला पारा जो चढत सुटतो तो थेट दोनशे वीसच्या घरात. आता जे येतं ते अ‍ॅसिटामाइड. लांब कोरड्या नळीतून ते थेंब थेंब उतरतं आणि खालच्या भांड्यात पडता पडता गोठतं. पांढरेशुभ्र, सुईसारखे स्फटिक. गार पाणी खेळवलेली नळी लावली तर ते वाटेतच गोठतं आणि नळी तुंबते. एकदा तशी तुंबली होती. ओपांनी त्या दिवशी जे तोंड सोडलं, ते ऐकून मी चुंबळीवर गरकन फिरलो होतो.

या अमाइडचा स्वभाव मला पाठ आहे. आधीचं मीठ पोटात अमोनिया धरून असतं, पण त्याला सोड्याचा खार गारच लावला तरी ते भडाभडा सगळं ओकून मोकळं होतं. अमाइड तसं नाही. गार खारात ते ब्र काढत नाही. चांगलं उकळा, तेव्हा कुठे अमोनियाचा भपका येतो आणि लाल लिटमस निळा होतो. इतकं ते धीराचं. पण एक खोड आहे. ज्या पाण्याला घराबाहेर काढून ते जन्मलं, त्या पाण्याची त्याला जन्मभर ओढ. हवेत जराशी ओल असली की ते ती ओढून घेतं आणि स्वतःच विरघळून बसतं. म्हणून ओपा रोज एकच घोष करायच्या, "पोरींनो, झाकण! झाकण!"

शुद्ध अ‍ॅसिटामाइडला वास नसतो. पण जरा कसर राहिली, की त्याला उंदरांचा वास मारतो. अगदी उंदीर नांदून गेलेल्या कपाटासारखा. हमरो खाला नव्याने कामाला लागल्या त्याच आठवड्यात मुलींनी असला एक कच्चा नग करून ठेवला. या खालांचं, म्हणजे मावशींचं, काम झाडलोट आणि भांडी घासणं. पहिल्याच सकाळी त्यांनी दार उघडलं, नाक वर केलं आणि तशाच परत फिरल्या. अर्ध्या तासाने पदराखाली एक करडं मांजर घेऊन हजर.

"खाला, हे काय?" ओपांनी विचारलं.

"मोश आहे माझं. काळजी करू नका मुकद्दसजान, तीन दिवसांत एक उंदीर ठेवणार नाही."

"अहो, उंदीर नाहीत इथे! तो वास या भुकटीचा आहे."

खालांनी बशीतल्या पांढऱ्या स्फटिकांकडे पाहिलं, मग ओपांकडे. "शिकलेल्या बायका," त्या मांजराला म्हणाल्या, "उंदीर झाले तरी कबूल करायच्या नाहीत." मोश तीन दिवस कपाटांखाली दबा धरून बसलं. चौथ्या दिवशी त्याने ती बशी हुंगली, शिंकलं, आणि आमच्या सगळ्यांकडे पाठ करून जे गेलं ते पुन्हा फिरकलं नाही.

असे माझे बरे दिवस चालले होते. ओपा नव्या मुलींना मला दाखवून म्हणत, "हा चंबू तुमच्यापेक्षा जास्त रसायन जाणतो." मी फुगून जात असे. मित्रांनो, फुगणं माझ्या जातीलाच आहे, त्याला मी काय करणार? पण गर्वाचं घर खाली. एका हिवाळ्यात एका मुलीने मला धुताना नळाच्या तोंडावर आपटलं आणि ओठाचा टवका उडाला. पोटाला धक्का नव्हता. पण त्याच महिन्यात नवे चंबू आले. त्यांच्या माना आतून घासलेल्या, नळ्याही तशाच घासलेल्या, एकात एक चपखल बसायच्या. बूच नको, काही नको. मुली त्यांच्यावर खूष झाल्या. ओपा माझ्याकडे पाहून "अरेरे" म्हणाल्या आणि मला बाजूला ठेवलं.

हमरो खालांनी मात्र मला टाकलं नाही. त्यांनी माझ्यात पाणी भरलं आणि रायहोनच्या डहाळ्या खोचल्या. तुमच्या सब्जासारखं झाड असतं ते, घमघमतं. खिडकीत ठेवून म्हणाल्या, "बस इथे. देखणा दिसतोस." मी सात वर्षं तिथे बसलो. वास छान होता, ऊन छान होतं, येणारी जाणारी माणसं कौतुकही करायची. पण दोनशे वीस अंशांची सवय लागलेल्या पोटात नुसतं गार पाणी घेऊन बसायचं म्हणजे काय, ते तुम्हाला कसं सांगू? समोर नवा चंबू खदखदत असे आणि मला माझ्या रिकामपणाचं भारी वाईट वाटे.

त्यातल्या पाचव्या वर्षी ओयदिन आली. उस्ता, म्हणजे उस्ताद, मामारायिम विणकराची ही धाकटी लेक. हाताची बोटं सुतासारखी बारीक आणि तोंड भलतंच धीट. तिचे बाबा तिला विद्यालयात पाठवायला तयारच नव्हते. "माग कोण चालवणार?" हा त्यांचा एकच सवाल. मग ते तयार कसे झाले? ती गोष्ट ओयदिनने ओपांना सांगितली तेव्हा मी खिडकीतून ऐकली.

रेशमाचा चिकटा काढायला ते साबणाच्या पाण्यात उकळतात. एकदा कामाची घाई होती म्हणून उस्तांनी त्यात सोड्याचा खार मुठीमुठीने घातला आणि आच वाढवली. चिकटा गेला, पण रेशीमही गेलं. बोट लावलं की लडी तुटायची. अख्ख्या घराची तीन महिन्यांची मेहनत त्या हंड्यात बुडाली. ते म्हणाले, "कुणाची तरी नजर लागली." ओयदिन तेव्हा शाळेत होती. ती म्हणाली, "नजर नाही बाबा, खार लागला. रेशमाच्या आत गाठी असतात, त्या उकळत्या खारात सुटतात." उस्तांनी दोन दिवस त्या तुटक्या लड्या चाचपून पाहिल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "जा शिकायला."

"अगं, त्या गाठींचं नाव ठाऊक आहे का तुला?" मुकद्दस ओपांनी विचारलं. "अमाइड. या बशीतलं अ‍ॅसिटामाइड म्हणजे तसली एकच गाठ. तुझ्या बाबांच्या रेशमात अशा हजारो गाठी एकाला एक लागून असतात."

ओयदिनने आपल्या ओढणीचा काठ बोटांत धरला आणि नुसती बघत राहिली. मीही बघत राहिलो. इतकी वर्षं मी जे पोटात शिजवलं, ते गल्लीतल्या प्रत्येक मागावर विणलं जात होतं, आणि मला पत्ता नव्हता!

दोन वर्षं भराभर गेली. शेवटच्या परीक्षेआधी उस्तांनी लेकीला बजावलं, "प्रात्यक्षिकात पाचपैकी पाच आणलेस, तर ताश्कंदला मोठ्या विद्यापीठात जा, मी अडवणार नाही. चार आणलेस, तर मागावर बस. मग रडायचं नाही." ओयदिन म्हणाली, "चालेल." एवढंच. पण त्यानंतर तिचं जेवणावरचं लक्ष उडालं, हे हमरो खालांनीच मला डहाळ्या बदलताना सांगितलं. त्या माझ्याशी बोलत असत. माझ्याशी बोललेलं कुठे जात नाही, म्हणत.

तिला चिठ्ठीत अ‍ॅसिटामाइडच आलं. स्वतः बनवायचं, शुद्ध करायचं, पन्नास ग्रॅम परीक्षकांसमोर तोलायचं आणि द्रवणांक दाखवायचा. शुद्ध असेल तर ते बरोबर ब्याऐंशी अंशांवर वितळतं. कसर असेल किंवा ओल असेल, तर सत्तरीतच मान टाकतं. तिथे लपवाछपवी नाही.

तिचे स्फटिक मी पाहिले. दोनदा शुद्ध केलेले, कोरडे ठक्क, वासाचं नाव नाही. परीक्षेच्या सकाळी तिने ते तराजूच्या खोलीत चिनी मातीच्या बशीत पसरून ठेवले. तराजूची खोली म्हणजे आमच्याच प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातली काचेची खोपटी. वाऱ्याने काटा हलू नये म्हणून तिची खिडकी कायम बंद. मधलं दार तेवढं उघडं असायचं, त्यामुळे मला सगळं दिसत होतं.

परीक्षक यायचे होते ताश्कंदहून. झियावुद्दिन दोमला त्यांचं नाव. दोमला म्हणजे गुरुजी, पण या गुरुजींची ख्याती अशी, की पाच गुण ते फक्त स्वतःलाच देतात. फाटकाशी गाडी वाजली तशी मुकद्दस ओपा आणि ओयदिन दोघी धावल्या. पाहुण्याला फाटकापर्यंत जाऊन आणायचं नाही, तर काय खिडकीतून हाक मारायची? तिथे आधी पाहुण्याची तब्येत विचारली गेली, मग त्यांच्या घरच्यांची, मग त्यांच्या गुरांची. गुरं नव्हती तरी विचारली. मग मुख्याध्यापकांनी त्यांना आपल्या खोलीत नेलं. त्यात तासभर गेला.

इकडे हमरो खाला हातावर हात धरून कशा बसतील? पाहुणा दारात आणि घोटभर चहा तयार नाही, असं त्यांच्या सात पिढ्यांत झालं नव्हतं. त्यांनी चहाचं पाणी उकळायचा विजेचा सामोवार उचलला. प्रयोगशाळेतली बटणं चालत नव्हती. चालू होतं ते एकच, तराजूच्या खोलीतलं.

मी खिडकीतून बघत होतो. मित्रांनो, मला तोंड आहे पण आवाज नाही. खालांनी सामोवार टेबलावर ठेवला, बशी अलगद सरकवून त्याला जागा केली, आणि वारा शिरू नये म्हणून दार लोटलं. काचेतून दिसत होतं. सामोवार उकळायला लागला. पाहुणे आले नाहीत, म्हणून तो उकळतच राहिला. काचांवर वाफ धरली, मग ओघळ आले, मग मला काही दिसेना. मी मनात ओरडत होतो, "खाला, झाकण! झाकण!"

दोमला आले. उंच, खांदे वाकलेले, डोक्यावर काळी पांढरी डोप्पी. ओयदिनने दार उघडलं तशी वाफेची लाट बाहेर आली. बशीत स्फटिक नव्हते. पातळ पाकासारखं काहीतरी होतं, आणि त्यात दोनचार पांढरे तुकडे तरंगत होते.

हमरो खाला हसत पुढे झाल्या, प्याल्यात थोडासाच चहा ओतला, मान द्यायचा तर थोडाच ओततात, आणि छातीवर हात ठेवून पुढे केला. "या दोमला, दमला असाल. आधी चहा."

दोमला म्हणाले, "माफ करा. मी चहा घेत नाही. डॉक्टरांनी बंद केलाय."

मर्गिलानात चहा न घेणारा माणूस! खालांचा हात तसाच राहिला. मग त्यांनी ओयदिनच्या तोंडाकडे पाहिलं, बशीकडे पाहिलं, सामोवाराकडे पाहिलं, आणि त्यांना सगळं कळलं. प्याला खाली ठेवून त्या तिथेच फरशीवर बसल्या.

"पोरी, मी काय केलं गं हे? तुझा घात केला मी. माझे हात झडोत!"

ओयदिनने बशी रागाने उचलली आणि परत ठेवली. "खाला," ती म्हणाली, "तुम्ही... तुम्हाला दुसरी जागाच मिळाली नाही का?" आणि लगेच तिला रडू आलं. "दोन आठवडे राबले मी यासाठी!"

खालांनी पदराने डोळे पुसले आणि हळूच कपाटाकडे बोट केलं. तिथे कारखान्यातून आलेली अ‍ॅसिटामाइडची बंद बाटली होती. "अगं, त्यातलं काढ ना. पांढरं ते पांढरंच. कुणाला कळतंय?" त्यांना वाटलं आपण कुजबुजलो. खालांची कुजबुज फाटकापर्यंत जाते.

दोमलांनी खिडकीबाहेर पाहिलं. मुकद्दस ओपांनी छताकडे पाहिलं.

ओयदिनने नाक पुसलं. "बाबा अंगणात बसलेत, खाला. बाहेर गेले की पहिलं विचारतील, हे तुझ्या हातचं का? दुसऱ्याचं कापड आपलं म्हणून खपवणाऱ्याला ते दारात उभं करत नाहीत. मी काय सांगू त्यांना?" मग ती परीक्षकांकडे वळली. "दोमला, हे माझंच आहे. फक्त पाणी प्यालंय. त्यातलं पाणी मी परत काढू शकते. मला दोन तास द्या."

"माझी गाडी तीनला आहे," दोमला म्हणाले.

"आत्ता अकरा वाजलेत."

दोमलांनी घड्याळ पाहिलं, खुर्ची ओढली आणि बसले. "काढ पाणी," ते म्हणाले.

ओयदिनने नवा चंबू उचलला. आणि मित्रांनो, आता सांगताना हसू येतं, पण त्या ऐटबाज चंबूची मान आणि त्याची नळी एकमेकांत अशी घट्ट रुतून बसली होती, की सुटता सुटेना. मागच्या वेळी कुणीतरी न धुता तसंच ठेवलं होतं. ओयदिनने पिळलं, ओपांनी पिळलं, दोमलांनी बसल्या जागेवरून हात पुढे केला आणि त्यांनीही पिळून पाहिलं. चपखल बसतं म्हणून मिरवायचे ना? घ्या आता!

"दुसरा?" दोमलांनी विचारलं.

"दुसरे दोन तिकडे मुलींच्या प्रयोगात अडकलेत," ओपा म्हणाल्या. आणि मग त्यांची नजर खिडकीकडे आली. माझ्याकडे. माझ्या तोंडात रायहोनच्या डहाळ्या होत्या.

खाला फरशीवरून उठल्या त्या वाऱ्यासारख्या. डहाळ्या फेकल्या, पाणी ओतलं, राखेने घासलं, आतून तीनदा खळबळून काढलं. ओयदिनने मला मंद आचेवर धरून पूर्ण कोरडा केला. सात वर्षांनी अंगाला ऊब लागली. "ओठ फुटलाय," ती म्हणाली. "बूच आतपर्यंत दाबलं तर?" ओपा म्हणाल्या, "दाब, पण हळू. तो तुझ्यापेक्षा म्हातारा आहे." बूच टवक्याच्या खाली गेलं आणि घट्ट बसलं.

तो पाक माझ्या पोटात आला. मला तो लगेच ओळखू आला, जुन्या घरातलं माणूस ओळखावं तसा. खालून आच लागली. मला एकच भीती होती. इतकी वर्षं गार बसलेलं माझं अंग धरेल का? कुठे चीर असेल, ती कुणाला दिसली नसेल, तर? मी फुटलो तर मी फुटेन, त्याचं काही नाही. पण या पोरीचं अख्खं ताश्कंद माझ्या पोटात होतं. घाईत आच मोठी केली असती तर मी टिकलो नसतो. ओयदिनला घाई होती, तरी तिने आच मोठी केली नाही. विणकराची लेक ती. आच वाढवली की काय होतं, ते तिने एका हंड्यात पाहिलं होतं.

तापमापी शंभराच्या आसपास आला आणि तिथेच रेंगाळला. पाणी जात होतं. साडेअकरा. पावणेबारा. खाला दाराशी उभ्या राहून पुटपुटत होत्या. दोमला काहीच करत नव्हते, फक्त बघत होते. मग पारा हलला. एकशे चाळीस. एकशे ऐंशी. दोनशे. ओयदिनने खालचं भांडं बदललं. दोनशे वीस! नळीच्या टोकातून पहिला थेंब पडला आणि पडता पडता पांढरा झाला.

"आलं!" खाला ओरडल्या.

"खाला, श्वाससुद्धा तिकडे तोंड करून घ्या," ओपा म्हणाल्या.

स्फटिक जमले, निवले. ओयदिनने ते टिपकागदात दाबून झाकणाच्या बरणीत ठेवले. पन्नास ग्रॅम राहिले नव्हते, एकतीस भरले. मग तिने चिमूटभर पूड केसाएवढ्या काचनळीत भरली. ती तापमापीला बांधायची असते. बांधायला रबर सापडेना. तिने ओढणीच्या काठाचा एक रेशमी धागा ओढला आणि दोन फेऱ्यांत गाठ मारली. विणकराची गाठ, ती सुटत नाही. तापमापी तेलात बुडाला.

आता दोमला उठून जवळ आले आणि चष्मा कपाळावरून खाली घेतला. पासष्ट. सत्तर. मी बाजूच्या चुंबळीवर निवत होतो आणि माझ्या पोटातलं उरलंसुरलंसुद्धा हलायचं थांबलं होतं. पंच्याहत्तर. पूड तशीच. ऐंशी. पूड तशीच. एक्याऐंशी. खालांनी डोळे मिटले. ब्याऐंशी, आणि ती पांढरी रेघ एकदम पाण्यासारखी आरपार झाली.

दोमला सरळ उभे राहिले. "पन्नास ग्रॅम सांगितले होते, एकतीस आहेत," ते म्हणाले. ओयदिनचा चेहरा पडला. "बाकीचे एकोणीस पाहुणचारात गेले. मर्गिलानात आल्यावर तेवढं चालायचंच." त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि वही तिच्यासमोर फिरवली. पाच.

ओयदिन पळालीच. अंगणात तुतीखाली उस्ता मामारायिम गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. उस्ता काय म्हणाले ते मात्र सगळ्या गल्लीने ऐकलं. "तुझ्या हातचं का?" आणि तिने मान डोलावल्यावर त्यांनी डोप्पी काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. त्या माणसाला रडताना डोप्पीचं काय करावं ते कळत नव्हतं.

इकडे हमरो खाला सामोवार उचलून निघाल्या होत्या, मान खाली घालून. दोमला म्हणाले, "खाला, थांबा. अर्धा प्याला द्या."

"पण डॉक्टर..."

"डॉक्टर ताश्कंदात आहेत."

ती सगळी माणसं प्रयोगशाळेच्या बाहेर, ओसरीवर बसून चहा प्याली. बाहेर, हं! खालांनी सामोवार त्यानंतर मरेपर्यंत कधी आत आणला नाही. दुसरा कुणी आणू लागला तर झाडू घेऊन उभ्या राहायच्या.

ताश्कंदला जाण्याआधी ओयदिन माझ्याकडे आली. त्या दिवशीचे स्फटिक तिने माझ्या कोरड्या पोटात घातले, बूच आत दाबलं, वर मेण ओतलं आणि तोच रेशमी धागा मानेभोवती गुंडाळला. "फुलदाणी पुरे झाली," ती म्हणाली. पाच वर्षांनी ती परत आली ती ओयदिन ओपा होऊन, मुकद्दस ओपांच्या जागेवर. आता तिचेही केस पिकले आहेत. दरवर्षी पहिल्या तासाला ती मला टेबलावर आणते, सावकाश, दोन्ही हातांनी, आणि ही गोष्ट सांगते. मुली दरवर्षी हेच विचारतात, "ओपा, जरा उघडून बघू?" आणि ती म्हणते, "नाही."

मित्रांनो, तुमच्याकडे मागायचं असं माझं फार काही नाही. काच हळू तापवा, हळू निववा. वापरून झाली की लगेच धुवा, नाहीतर ऐन वेळी तिची मान अडकेल. कुणाचा टवका उडाला म्हणून त्याला टाकू नका, त्याचं पोट शाबूत आहे का ते आधी बघा. पाहुण्याला चहा जरूर द्या, पण दुसऱ्या खोलीत. आणि झाकण लावा. एका म्हाताऱ्या बाईच्या मायेने आणि एका पोरीच्या धीराने जे तयार झालं, ते मी चाळीस वर्षं पोटात सांभाळून आहे. उजेडात धरून बघा वाटल्यास. अजून कोरडं आहे.